लाल ठिपक्याच्या प्लेटा

नाजिमाला जिनतआपांचा पट्टा हवा होता. चामड्याचा, चांगला चार बोटं रुंद, वर्षानुवर्षांच्या घामाने काळा पडलेला. तरुणपणी आपा तो कमरेला आवळून स्पर्धांमध्ये वजनं उचलायच्या. आता त्यांचे गुडघे गेले होते, आणि पट्टा बिबवेवाडीतल्या त्यांच्या बायकांच्या जिममध्ये आरशाशेजारच्या खिळ्याला लटकत होता. चार वर्षं नाजिमा तो रोज सकाळी बघत होती. मागितला मात्र कधीच नाही. असल्या वस्तू मागून घ्यायच्या नसतात, समोरच्याने आपण होऊन द्यायच्या असतात, असं तिचं मत होतं. आणि आपा देतील तर आपल्यालाच देतील, याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती.

एका सकाळी तो पट्टा सृष्टीच्या कमरेला दिसला.

"आपा, पट्टा काढलात वाटतं खिळ्यावरून?" नाजिमाने जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

"हो, दिला तिला. बसतो तिच्या कमरेला," आपा खुर्चीतूनच म्हणाल्या. "तुलाच दिला असता, पण तुला शेवटचं भोकसुद्धा पुरायचं नाही."

बायका हसल्या. नाजिमाही हसली. पुण्यात इतकं बोलणं प्रेमातच मोडतं, हे तिला कळत होतं. पण पोटात जे पेटलं ते काही केल्या विझेना. त्या दिवशी तिने सृष्टीकडे पाहून हसणं सोडलं नाही, उलट जरा जास्तच हसली. माणूस आतून जळत असला की बाहेरून फार गोड होतो, तसं तिचं झालं.

सृष्टी होती वर्ध्याची. सव्वीस वर्षांची, खराडीतल्या एका कंपनीत नोकरीला, दोन मैत्रिणींबरोबर बिबवेवाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. दिवाळीनंतर जिममध्ये आली ती घाबरत घाबरत, रिकामा बारसुद्धा, म्हणजे बिनवजनाचा लोखंडी दांडाही, उचलायला बिचकत. तिला पहिल्या दिवशी बार कसा धरायचा ते दाखवलं कुणी? नाजिमानेच. पाठ सरळ ठेव, श्वास धर, पायांनी जमीन ढकल, हे तिच्या कानीकपाळी ओरडलं कुणी? नाजिमानेच. आता तीच सृष्टी आली की आपांचा चेहरा उजळायचा. आपा तिला 'बेटा' म्हणायच्या. तिचा व्हिडिओ काढून हैदराबादच्या लेकीला पाठवायच्या. नाजिमाचा व्हिडिओ त्यांनी एकदा काढला होता, तोही पाठ वाकते कुठे ते दाखवायला.

खरं तर आपांची पहिली विद्यार्थिनी नाजिमा. जिम म्हणजे इमारतीखालचं एक गॅरेज होतं, फरशीसुद्धा नव्हती, तेव्हापासूनची. कंबरदुखीने वाकून आलेली बाई आपांनी दोन वर्षांत सरळ केली आणि तिसऱ्या वर्षी तिच्या हातून असं वजन उचलवलं की तिचा तिलाच विश्वास बसेना. चाळिशीला टेकलेली नाजिमा घरी सून होती, दुकानात हिशेब बघणारी होती, मुलांची अम्मी होती. जिममध्ये ती 'आमची नाजिमा' होती. सगळ्यांच्या आधी येऊन बायकांचे बार भरायचे, म्हणजे जिच्या तिच्या वजनाप्रमाणे लोखंडी चकत्या, प्लेटा, दोन्ही टोकांना चढवायच्या, आणि शेवटी त्या उतरवून जागच्या जागी लावायच्या, हा तिचा मान होता. तिने भरलेला बार कुणी मोजून बघत नसे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपा सगळ्यांचा कस बघायच्या. रीत अशी, की ज्या बाईला जेमतेम एकदा उचलता येतं ते तिचं पूर्ण वजन धरायचं, आणि त्याच्या पाऊण वजनाचा बार तिच्यापुढे ठेवायचा. मग पाठ न वाकवता तो जमिनीवरून किती वेळा उचलते ते मोजायचं. जिचं तिचं पाऊण वजन वेगळं, त्यामुळे साठीच्या यमुनाबाईंची आणि विशीतल्या पोरीची बरोबरी होऊ शके. नाजिमाच्या अकरा उचली व्हायच्या. तिच्या वर कुणी गेलं नव्हतं. पट्टा गेला त्याच आठवड्यातल्या शनिवारी सृष्टीच्या तेरा झाल्या.

"तेरा!" आपांनी टाळी वाजवली. मग नाजिमाचं तोंड बघून त्या जरा समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, याचा अर्थ ती तुझ्यापेक्षा ताकदवान असा नाही. बार अगदी जड असला ना, की सगळ्या सारख्याच. कुणी तीन, कुणी चार, तिथे कुणाचं काही चालत नाही. तो हलका करत आलं की फाटाफूट होते. त्याच पाऊण वजनावर एकीच्या आठ होतात, दुसरीच्या चौदा. तीच बाई पायांच्या मशीनवर वीस करेल आणि छातीच्या बारवर नऊलाच लटपटेल. ज्याचं त्याचं शरीर असतं."

"हो ना, आपा," नाजिमा म्हणाली. तिने यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. तिच्या कानात नुसतं 'तेरा' वाजत होतं.

आणि नेमकं तेव्हाच आपांनी सांगितलं, की लेकीचं बाळंतपण आहे, दीड महिन्याने त्या हैदराबादला जाणार आणि चार-पाच महिने तिकडेच राहणार. "सकाळची बॅच बंद करायची नाही मला. कुणाच्या तरी हवाली करून जाईन. बघते आता, कोण किती पाण्यात आहे ते." असं म्हणत त्यांनी एकदा नाजिमाकडे पाहिलं, एकदा सृष्टीकडे. निदान नाजिमाला तरी तसंच दिसलं.

घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चार वर्षं मी मरमर करायची आणि जिमची किल्ली त्या काल आलेल्या पोरीने न्यायची? दीड महिना होता. दीड महिन्यात चाळिशीच्या बाईच्या अकराच्या पंधरा होत नसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग सृष्टीच्या तेराचंच काहीतरी व्हायला हवं होतं.

आता नाजिमाच्या सासरचा धंदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शनिवार पेठेत तिच्या सासऱ्यांचं, शमशुद्दीनचाचांचं, वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. वाण्याचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे काटे त्यांच्याकडे येतात. चाचा अजून रोज सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकाला हात लावण्याआधी कपाटातून मखमलीत ठेवलेली पितळी वजनं काढतात आणि दुकानातलं एकेक वजन त्यांच्याशी ताडून बघतात. मुलगा एजाज, म्हणजे नाजिमाचा नवरा, तोही त्याच मुशीतला. मागे एका दुकानदाराने 'काटा जरा आपल्या बाजूला ठेवा, चाचा' असं हसत हसत सुचवलं, तर म्हाताऱ्याने त्याचा काटा उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला होता.

या एजाजकडे वर्षभरापूर्वी नाजिमाने जिममधल्या प्लेटा तोलायला नेल्या होत्या. आपांच्या भावाची जुनी तालीम बंद पडली, तिथल्या चार प्लेटा जिममध्ये आल्या होत्या. काळा रंग दिल्यावर त्या इतरांसारख्याच दिसत. वर ठळक 'दहा' असं ओतलेलं. पण एजाजने काट्यावर ठेवल्या तर चारही सव्वाअकरा किलो भरल्या. त्याने प्रत्येकीच्या एका अंगाला लाल रंगाचा ठिपका दिला आणि म्हणाला, "सवडीने परत आण. मागून भोकं पाडून दहावर आणून देतो. तोवर वापरू नका." आपांनी त्या जिन्याखाली ठेवायला सांगितलं. दुकानातली सवड आणि नाजिमाची आठवण यांची गाठ काही पडली नाही, आणि प्लेटा जिन्याखालीच राहिल्या.

सोमवारी सकाळी नाजिमा नेहमीपेक्षा लवकर आली. आपा आत चहा करत होत्या. तिने सृष्टीचा बार घेतला, दोन्ही टोकांना दोन दोन चढवल्या त्या जिन्याखालच्या. आतल्या प्लेटेचा लाल ठिपका बाहेर, बाहेरच्या प्लेटेचा आत, म्हणजे ठिपके एकमेकींना चिकटून दिसेनासे झाले. बाहेरून नुसतं 'दहा' दिसत होतं. बार सृष्टीच्या नेहमीच्या वजनाचा दिसत होता आणि होता मात्र पाच किलोंनी जड. क्षणभर तिला त्या परत उतरवाव्याशा वाटल्या, नाही असं नाही. पण आरशाशेजारचा रिकामा खिळा दिसला आणि तिने त्या तशाच राहू दिल्या.

पहिल्या दिवशी सृष्टी नवव्या वेळेला थांबली. बार खाली ठेवून हातांकडे बघत राहिली. "आज काय झालं मला?" असं स्वतःशीच पुटपुटली. नाजिमाला जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. तिला आनंद झाला. लहान मुलाला चोरून खाल्लेल्या गुळाचा व्हावा तसा, घशाखाली उतरेपर्यंतचा.

मग ते रोजचंच झालं. सकाळी चढवायच्या, शेवटी उतरवून जिन्याखाली ठेवायच्या. सृष्टी नऊ करायची, कधी आठ. तिने रात्री लवकर झोपायला सुरुवात केली, अंडी वाढवली, ऑफिसातल्या पार्ट्या सोडल्या. तरी बार हलका होईना. त्या महिन्याच्या कसाला तिच्या आठच झाल्या, आणि नाजिमाच्या अकरा.

"तेरावरून आठ?" आपांनी कपाळाला आठ्या घातल्या. "इतकं एकदम कुणी पडत नाही. बार पाचेक किलोंनी वाढवला तर होतं असं. आजारी-बिजारी आहेस का गं?"

"झोप होत नसेल, आपा," नाजिमा घाईने म्हणाली. "त्यांच्या त्या कंपनीच्या अमेरिकेबरोबरच्या मीटिंगा असतात ना."

"हो, असेल," सृष्टी म्हणाली. ती रडवेली झाली होती. बॅच संपल्यावर ती जिन्यापाशी नाजिमाला गाठून म्हणाली, "ताई, खरं सांगा, माझं काय चुकून रायलं? तुम्हाला तरी दिसत असेल. मी इतकी मेहनत करते आणि मागेच चालली आहे. पुण्यात मला एवढं एकच चांगलं जमत होतं."

जिन्याखाली, त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर, त्या चार प्लेटा होत्या. नाजिमाला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. सृष्टीच्या कमरेला पट्टा होता. "झोप गं पुरेशी," ती म्हणाली. "होईल सगळं ठीक."

त्या दुपारी दुकानात एजाजने विचारलं, "त्या चार प्लेटा आणणार होतीस ना? ड्रिल मोकळं आहे सध्या."

"राहूनच जातंय," नाजिमा म्हणाली. पलीकडे चाचा कुणाचा तरी छोटा काटा कानाशी लावून ऐकल्यासारखा बघत बसले होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही, पण नाजिमा तिथून उठून चहा सांगायला बाहेर गेली.

आपांच्या जायच्या आदल्या दिवशी शेवटचा कस ठेवला होता. नाजिमा लवकर आली तर आपा तिच्याही आधी आलेल्या. गुडघ्यांना पट्ट्या बांधून, चक्क उभ्या राहून त्या सगळ्यांचे बार स्वतःच्या हाताने भरत होत्या. "आज तू बस," त्या म्हणाल्या. "पुढे काही महिने मला हे करायला मिळायचं नाही." नाजिमा बसली. जिन्याखालच्या चार प्लेटा जिन्याखालीच राहिल्या.

नाजिमा जिवाच्या आकांताने भिडली. अकरावी उचल झाली. बारावीला पाठीत कळ आली, तरी बार गुडघ्यांवर गेला, मांड्यांना लागला. बारा! आयुष्यात पहिल्यांदा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. यमुनाबाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या आणि गुडघ्यांसाठी इथे येणाऱ्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "नाजिमा, आज घरचा स्वयंपाक नवऱ्याला सांग हो."

मग सृष्टी. ती खचल्यासारखीच पुढे आली. बार धरला, आणि पहिल्याच उचलीला तो इतका सरकन वर आला, की तिचा तोल गेला. तिने चकित होऊन खाली बघितलं. पुन्हा उचलला. आठ झाल्या, दहा झाल्या. बारा झाल्या तेव्हा तिच्या कपाळावर घामही नव्हता. बायका ओरडून मोजू लागल्या. सतराव्या वेळेला तिने बार खाली ठेवला आणि हसत हसत, रडत रडत, नाजिमाच्याच गळ्यात पडली. "ताई, झोपले मी! तुम्ही सांगितलं तशी!"

नाजिमाचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले. संपलं, तिच्या मनात आलं. गेली किल्ली.

आपांनी पाकिटातून किल्ली काढली. आपा लंगडत आल्या त्या नाजिमापाशी, आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"काय बघतेस? कधीचंच ठरलेलं होतं माझं," त्या म्हणाल्या. "ताकद नसते बघायची बॅच देताना. ताकद काय, कुणाचीही वाढते. मला अशी बाई हवी होती, की तिने भरलेला बार कुणीही न मोजता उचलावा. चार वर्षांत तू एकदा चुकलेली नाहीस."

हवं होतं ते सगळं मिळालं. मूठ गरम झाली होती किल्लीने. नाजिमाने त्या वेळी काहीही न बोलता नुसतं हसायचं होतं, बस्स. पण आपा तिथे थांबल्या नाहीत. त्या सृष्टीकडे वळल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "आणि ही! आठावरून सतरा! असं अंग मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. ही जात्याच वेगळी आहे. हिला मी स्पर्धेला उतरवणार."

झालं. नाजिमाच्या हातात किल्ली होती, आणि तरीही तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार वर्षांत आपांनी तिचा चेहरा असा हातांत धरला नव्हता. जात्याच वेगळी म्हणे! तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"जात्याच कसली, आपा? दीड महिना रोज पाच किलो जास्त उचललं, तर कुणाच्याही सतरा होतील."

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

आपांनी सृष्टीचा चेहरा सोडला. "कुठले पाच किलो?"

नाजिमाने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"नाजिमा. कुठले पाच किलो?"

तिची नजर नको तिथे, जिन्याखाली गेली. आपांनी ती नजर पाहिली. त्यांना तोलायला काट्याची गरज पडली नाही. "यमुनाबाई, तेवढ्या आणा बघू इकडे," त्या म्हणाल्या. यमुनाबाईंनी एकेक करत चारही प्लेटा आणून फरशीवर ठेवल्या. ठिपक्यांचा लाल रंग घासला जाऊन फिकट झाला होता. जिन्याखाली पडून राहिलेल्या प्लेटांचा तो तसा होत नाही.

सृष्टीला सगळं कळायला वेळ लागला. ती आळीपाळीने प्लेटांकडे आणि नाजिमाकडे बघत होती. "म्हणजे मी आठवर आलेच नव्हते?" तिने आधी एवढंच विचारलं.

"नाही," आपा म्हणाल्या.

"मी आईला फोन करून रडायची, ताई. इथून परत येते म्हणून." ती बाकावर जाऊन बसली आणि पट्ट्याचं बक्कल उगाच घट्ट करत राहिली.

आपांनी हात पुढे केला. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर नाजिमाला बरं वाटलं असतं. त्या नुसता हात पुढे करून उभ्या होत्या, गुडघे दुखत असूनही. नाजिमाने मूठ उघडली. किल्ली यमुनाबाईंकडे गेली. "मला रिकामा बारसुद्धा धड उचलवत नाही हो," यमुनाबाई म्हणाल्या. "उचलायचा नाहीच आहे," आपा म्हणाल्या. "नुसतं बघायचं आहे."

नाजिमाने त्याच दुपारी चारही प्लेटा स्कूटरवर घालून दुकानात नेल्या. एजाजला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि ड्रिलला पातं लावत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अब्बांना सांगू नकोस." त्याने भोकं पाडली, ठिपके खरवडून काढले, प्लेटा चाचांपुढे ठेवल्या. चाचांनी पितळी वजनांशी ताडून पाहिल्या. चारही दहाच्या दहा भरल्या. "आता ठीक," म्हाताऱ्याने मान हलवली, आणि नाजिमाला वर बघवेना.

सोमवारी ती जिमला गेली. न जाणं सोपं होतं. यमुनाबाईंनी कुलूप उघडून स्टूल आरशापाशी ओढलं आणि तिला काही विचारलं नाही, नको म्हटलं नाही. सवयीने नाजिमाने सगळ्यांचे बार भरले. सृष्टीचाही. आता जिममध्ये ठिपक्याची एकही प्लेट उरली नव्हती.

सृष्टी आली. तिने बाहेरची प्लेट काढली, उलटी करून दोन्ही अंगं पाहिली, आतली पाहिली, परत चढवली. दुसऱ्या टोकालाही तेच. नाजिमाकडे तिने पाहिलं नाही. मग ती उचलायला लागली आणि नाजिमा मनात मोजायला लागली. तेराव्या वेळेला तिच्या मनात आलं, थांब आता, पुरे. अजूनही तिच्या मनात तेच आलं. सृष्टी थांबली नाही.

पलीकडच्या बाईने आपल्या बारवरची प्लेट काढली, उलटून पाहिली. तिच्या पलीकडचीनेही. शेवटी यमुनाबाई स्टुलावरून उठल्या. त्यांच्या बारला सगळ्यात लहान, मुठीएवढ्या प्लेटा असतात, त्यांना कधी कुणी रंग लावलेला नाही. त्यांनी एक प्लेट काढली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ती उजेडाकडे धरून मागून पुढून नीट बघू लागल्या. दुसरी प्लेट हातात धरून नाजिमा शेजारी उभी होती, त्यांचं बघून होईपर्यंत.